रंकाळ्यात गेलेला बॉल

"लिव्ह," इलाहीचाचा म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिव्ह. म्हाताऱ्यांस्नी चष्म्याबिगर दिसाय पायजे."

मी खडू पाण्यात बुडवला. ओल्या खडूचं अक्षर आधी दिसत नाही, पण वाळलं की पांढरंधोप उठतं. पेंटर माणसाला एवढं तरी कळतं. सकाळचे साडेसहा वाजले होते. तालमीच्या भिंतीवरच्या फळ्यासमोर पंधरावीस जण उभे होते, कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या हातात दुधाची किटली. आदल्या दिवशी आमची खणीकडील तालीम शाहू स्टेडियमवर चार-शून्य अशी आपटली होती. ओळीनं पाचवी मॅच.

"काय लिहू?"

चाचांची चहाची गाडी फळ्याला लागूनच होती. त्यांनी गाळणीतला चोथा झटकला आणि एक क्षण डोळे मिटले. चाचा ज्या दिवशी डोळे मिटायचे, त्या दिवशी मजकूर जोरात यायचा.

मी लिहिलं : 'मालकांच्या कारखान्याला भलंमोठं गेट आहे. तसलंच एक आमच्या गोलला बसवून मिळेल काय? – समस्त खण गल्ली.'

माणसं हसली. एकाच्या तोंडातली पेस्ट शर्टावर सांडली. हसलो मीही, पण रस्त्याकडं एक डोळा ठेवून. कारण ज्या कारखान्याचं ते गेट, त्याच कारखान्यात मी पेंटर होतो. ते गेट मीच रंगवलं होतं. आणि एप्रिलमध्ये कोणाकोणाला कायम करायचं, त्याची यादी त्याच मालकांच्या टेबलावर पडून होती. सहा वर्षं मी हंगामी होतो. आज आहे, उद्या नाही.

घरी गेलो तर माझी बायको मालन दारातच. "आवं, खडू धरायला गल्लीत दुसरा हात न्हाई व्हय? त्या माणसाचं खातासा आणि त्यालाच शिव्या लिवतासा?"

"शिव्या न्हाईत त्या. आणि मी लिहितो हे मालकाला काय ठाऊक?"

"व्हय. तुमास्नी वाटतंय तसं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

ही गोष्ट शहाण्णव सालची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमच्याकडं टीम कुणा कंपनीची नसते, तालमीची असते, आणि तालीम गल्लीची. आमची गल्ली दगडाच्या जुन्या खाणीच्या, म्हणजे खणीच्या काठावरची, म्हणून खण गल्ली. पण त्याआधीच्या वर्षी आमची अवस्था अशी होती, की दोघांत मिळून एक चांगला बूट. तेव्हा डी. डी. मगदूम नावाचे फाउंड्रीवाले आपणहून तालमीत आले. "टीम मी चालवतो," म्हणाले. जर्सी आली, बूट आले, मॅच संपल्यावर केळी आली. जर्सीवर छातीवर 'मगदूम कास्टिंग' आलं. तेही चाललं असतं. पण मग टीम निवडायलाही तेच बसले. पुण्याहून, मडगावहून सहा खेळाडू आणले आणि आमचा सर्जेराव कोराणे, बारा वर्षं सेंटर हाफला भिंत होऊन उभा राहिलेला गडी, त्याला बाकावर बसवला. "जुना माल भट्टीत टाकून कास्टिंग चांगलं येत नाही," म्हणाले. पॅव्हेलियनमध्ये गादीच्या खुर्चीवर बसायचे आणि पांढरा रुमाल हलवायचे. रुमाल हलला की कुणीतरी बाहेर, कुणीतरी आत. चांगला चाललेला गडीही बाहेर.

फळ्याचा एक नियम होता. चाचा तरणे होते तेव्हापासूनचा. फळ्यावर नाव यायचं ते गल्लीतल्या माणसाचंच. बारशापासून पेनल्टी घालवण्यापर्यंत कशासाठीही, पण माणूस खणीवरचाच पाहिजे. परक्याचं ना कौतुक, ना वाभाडे. म्हणून एवढा राग असूनही आम्ही 'मगदूम' असं कधी लिहिलं नाही. नुसतं 'मालक'.

"परक्याला शिवी दिऊन आपलं तोंड कशाला इटाळायचं?" चाचा म्हणायचे. "शिवी ही घरच्याला असती."

गल्लीची आणखी एक सवय सांगायची राहिली. आमच्या कुणी मारलेला बॉल बारवरून गेला, की आमच्या पायऱ्यांवरून हजारभर माणसं एका सुरात ओरडायची, "दादूऽऽ! रंकाळ्याऽऽत!" मी पाळण्यात असल्यापासून हे ऐकत आलो. हा दादू कोण, असं मी एकदा चाचांना विचारलं होतं. "हुता एक," ते म्हणाले होते, "मिस्त्रीचं पोरगं. कुठं गेलं कुणास ठाऊक." तेवढ्यात कुणीतरी दोन कट चहा सांगितले आणि विषय राहिला.

सहावी मॅच हरलो. फळ्यावर लिहिलं : 'मालकांचा रुमाल उत्तम खेळला. बाकी अकरा जण आजारी होते.' सातवी हरलो : 'हरवला आहे, खणीकडील तालमीचा गोल. वय सहा आठवडे. कुणाला दिसल्यास स्टेडियमवर आणून सोडावा.'

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मालकांचा बंगला एकीकडं, कारखाना दुसरीकडं. आमची गल्ली त्या वाटेवर येतच नाही. तरी मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांची पांढरी गाडी गल्लीतून जायची. फळ्याजवळ आली की हळू व्हायची. काच वर. आतला माणूस दिसायचा नाही. गाडी दिसली की मी चहाच्या गाडीमागं खाली बसून चपलेचा अंगठा बघायचो.

आठवी मॅच आम्ही एक-पाच हरलो. हरवलेला गोल सापडला, पण पाच घेऊन आला. त्या संध्याकाळी तालमीत बैठक बसली. नेहमीसारखा आरडाओरडा नव्हता. सर्जेराव कोपऱ्यात बसून पायाची पट्टी सोडत होता. त्यानं दोन महिन्यांत एक मिनिटही खेळलेलं नव्हतं, तरी पट्टी मात्र दर मॅचला बांधायचा. ते बघून चाचांचे डोळे भरले.

"बास," चाचा म्हणाले. "आता लिवायचं न्हाई. फळा पुसा. शेवटच्या मॅचला समद्यांनी यायचं, पर तोंड उघडायचं न्हाई. त्यो परका हाय. आपुन येड्यासारखं त्याच्याशी घरच्यावानी भांडाय लागलोय. जो कोण तोंड उघडंल, त्याला वरीसभर माझ्या गाडीवर चहा न्हाई."

चाचांच्या चहाशिवाय वर्ष काढणं म्हणजे आमच्या गल्लीत वाळीत पडण्यासारखंच. सगळ्यांनी माना हलवल्या. फळा मीच पुसला. ओल्या फडक्यानं पुसला, अगदी काळाकुळकुळीत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं. यादी होईपर्यंत खडूला हात लावायला नको.

फळा कोरा होऊन आठ दिवस झाले. नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, शिपाई पेंटिंग शेडमध्ये आला. "पिराजी, मालकांनी बोलावलंय."

केबिनमध्ये जाताना हाताला लागलेला रंग रॉकेलनं पुसायचंही सुचलं नाही. मालक खुर्चीत बसले होते. पन्नाशी ओलांडलेला जाड माणूस, हात मात्र फाउंड्रीतले, भाजल्याचे डाग पडलेले. टेबलावर एक फाईल होती. वर माझ्याच अक्षरातलं लेबल : 'कायम करावयाचे कामगार.' लेबलं लिहायचं कामही माझ्याकडंच होतं.

"गेटवर 'वाहने सावकाश चालवा' ही पाटी कुणी रंगवली?"

"मी, मालक."

"आणि 'आमच्या गोलला गेट' कुणी लिहिलं?"

मी रंगाचे हात पाठीमागं घेतले.

"अरे, पाटीवरचा 'क' आणि फळ्यावरचा 'क' एका आईची लेकरं दिसतात. पहिल्या दिवशीच ओळखलं मी."

सहा वर्षं त्या कारखान्यातली प्रत्येक पाटी मी रंगवली, आणि मला वाटत होतं की माझं अक्षर मालकाला कळणार नाही. माझ्याएवढा शहाणा गल्लीत दुसरा नसेल. मालन म्हणत होती ते खरं.

"चूक झाली, मालक."

"कसली चूक? गेटचं झकास होतं. रुमालाचं त्याहून झकास. 'हरवला आहे' जरा लांबलं. फळ्यावर दोन ओळींच्या वर लिहायचं नाही. उभ्यानं वाचतात लोक." त्यांनी पेपरवेट उचलून परत ठेवला. "मला एवढंच विचारायचं होतं. आठ दिवस फळा कोरा का?"

मी काहीतरी थाप मारणार होतो. पण ते असे बघत होते, की तोंडातून खरं तेच निघालं. "गल्लीनं ठरवलंय मालक. परक्यावर काय लिहायचं, म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले. मला वाटलं, आता फाईल उघडतात आणि माझ्या नावावर रेघ मारतात.

"पिराजी, फळ्यावर माझं नाव एकदा येऊन गेलंय."

"न्हाई मालक, आईशप्पथ! नाव आम्ही कधीच..."

"तुझ्या जन्माच्या आधी," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची भाषा बदलत गेली. "एकसष्ट साल. बाप फाउंड्रीत मोल्डर. मिस्त्री म्हणायचे त्याला. खणीच्या कडंला भाड्याची खोली. दीड वरीस ऱ्हायलो आम्ही. मी तालमीत जायचो, पर भाडेकऱ्याचं पोरगं, मला कोण खेळाय घ्येतंय? कडंला बसून बॉल आणून द्यायचो. सेमीफायनलला एकाचा पाय मुरगळला, आणि ऐनवेळी मला उतरवलं. दुसऱ्याचं बूट. दोन बोटं मोठं. पुढं चिंधी कोंबली हुती. शेवटाला पेनल्टी मिळाली. बाकीचे समदे मागं सरकले. मी मारली."

पुढं काय येणार ते मला कळलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

"बारवरनं गेली. लई वरनं गेली. दुसऱ्या दिवशी तोंड लपवत तालमीपुढनं निघालो, तर फळ्यावर लिवलेलं. 'मिस्त्रीच्या दादूने बॉल रंकाळ्यात टाकला. ज्याला पोहता येते त्याने आणावा.'"

"दादू," मी म्हणालो. "तुम्ही?"

"दादू धोंडी मगदूम. तितंच हुबा ऱ्हाऊन रडलो मी. लाजंनं न्हाई रं. भाडेकऱ्याच्या पोराचं नाव फळ्यावर कोण लिवतंय? खणीवरच्याचंच लिवत्यात. त्या दिशी मला कळलं, मी खणीवरचा झालो." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "त्याच महिन्यात बापाला हुबळीला काम लागलं. गल्ली सुटली."

"मालक, पण आम्ही अजून दर मॅचला..."

"ऐकतो की. दर मॅचला हजार माणसं मला हाक मारतात, आणि मला ओ देता येत नाही."

"मग सांगून टाका की एकदा! इलाहीचाचा अजून आहेत. फळ्यावरचा मजकूर तेव्हाही त्यांचाच असायचा."

"नाही." ते पुन्हा मालक झाले. "बूट दिले, जर्सी दिली. आता 'मी तुमचाच' हेही मीच सांगू? विकत घेतल्यासारखं होईल ते. त्यांना ओळख पटली तर खरी. टीम मला जमली नाही, ते मला दिसतंय. पण ते माझं नाव घेऊन शिव्या देतील, या आशेवर मी वर्ष काढलं. तू कुणाला सांगणार नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. नजर तेवढी फाईलकडं गेली. त्यांनी ते पाहिलं. पण फाईलबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, शेवटची मॅच. जिंकलो तरच वरच्या गटात राहणार होतो. आमच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या, आणि आवाज नाही. समोरच्या टीमचे लोक ओरडत होते, "काय रं खणवाले, मौनीबाबाची दीक्षा घेतलीसा काय?" आमचा एक जण उठला. चाचांनी नुसतं वळून पाहिलं. बसला.

पॅव्हेलियनमध्ये गादीच्या खुर्चीवर मालक. रुमाल गुडघ्यावर. हलवत नव्हते. ते मॅच बघतच नव्हते. आमच्या पायऱ्यांकडं बघत होते.

हाफ टाइम झाला, शून्य-शून्य. माझ्या शेजारी चाचा, पलीकडं मालनचा भाऊ. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याच्या पोटात काय राहतंय?

सत्तराव्या मिनिटाला आमच्या मडगावच्या पोराला डीच्या तोंडावर बॉल मिळाला. गोली पडलेला. गोल उघडा. त्यानं डोळे मिटून मारला. बॉल बारवरून, भिंतीवरून, पार पलीकडं गेला.

हजार तोंडं उघडली आणि तशीच मिटली. आवाज नाही. माझ्या उभ्या आयुष्यात बॉल बारवरून गेला आणि खण गल्ली गप्प बसली, असं कधी झालं नव्हतं. मी पॅव्हेलियनकडं पाहिलं. मालकांनी मान खाली घातली होती.

मला राहवलं नाही. एका बाजूला चाचांचा चहा, एका बाजूला मालकाची यादी, मध्ये दिलेला शब्द. सगळं गेलं खड्ड्यात. मी उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडलो, "दादूऽऽऽ! रंकाळ्याऽऽत!"

हजार माणसांनी माझ्याकडं वळून पाहिलं. चाचांनी माझा शर्ट धरून खाली ओढला. "भडव्या, वरीसभर चहा..."

त्यांचं बोलणं पुरं झालं नाही. समोर, गादीच्या खुर्चीवरून तो जाड माणूस उठून उभा राहिला होता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "ओऽऽऽ!"

रेफरीसुद्धा थांबून बघायला लागला. मालक तसेच उभे, हात वर. "ओऽऽ! मीच त्यो! मीच टाकला रंकाळ्यात!"

चाचांच्या हातातून माझा शर्ट सुटला. ते डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मिस्त्रीचा दादू? मोठ्या बुटातला?" आणि मग पायरीवर उभे राहून, ज्यांनी गल्लीला गप्प बसवलं होतं तेच चाचा ओरडले, "आरं ए दादू! मुडद्या! तितं काय गादीवर बसलायस? हिकडं मर की!"

मी शब्द मोडला असं मालन अजून म्हणते. मी म्हणतो, मी कुणाला काहीच सांगितलं नाही. बॉल बारवरून गेल्यावर जे ओरडायचं असतं, ते ओरडलो.

मालक मैदानाच्या कडेनं पळत आमच्या पायऱ्यांकडं आले. वाटेत एक चप्पल सुटली. सगळ्या पायऱ्या उभ्या राहून "दादू, दादू" करत होत्या. ते चाचांपुढं आले आणि खाली वाकायला लागले. चाचांनी पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. "पाया नंतर पड. आदी सर्जाला उतरीव. आठ मॅच त्या गड्याला बाकावर सडवलायस, अक्कल हाय का तुला?"

"न्हाई," मालक म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. "न्हाई बघा अक्कल. पेनल्टी मारतानाबी नव्हती." आणि त्यांनी बाकाकडं तोंड करून रुमाल हलवला. त्या वर्षातला तो एकच रुमाल, ज्याला आमच्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

सर्जेराव वीस मिनिटं खेळला. दोन खात्रीचे गोल त्यानं वाचवले. शेवटच्या मिनिटाला तीस यार्डांवरून एक असा मारला, की बार अजून थरथरत असेल. पण बारलाच लागला, गोल झाला नाही. मॅच सुटली शून्य-शून्य. वरच्या गटातून आम्ही खाली गेलो. आणि तरी त्या संध्याकाळी खण गल्ली हलगी लावून घरी आली. समोरच्या टीमचे लोक विचारत राहिले, नक्की जिंकलं कोण?

सोमवारी सकाळी साडेसहाला मी फळ्यासमोर. चाचांनी न बोलता माझ्या हातात चहा दिला. तेव्हा शिक्षा माफ झाल्याचं कळलं. मी खडू बुडवला.

"काय लिहू?"

या वेळी चाचांनी डोळे मिटले नाहीत. "पस्तीस वरसं झाली मी त्ये लिवून," म्हणाले. "लिव्ह."

'मिस्त्रीचा दादू मगदूम पस्तीस वर्षांनी सापडला. बॉल अजून रंकाळ्यातच आहे.'

सात वाजता पांढरी गाडी आली. या वेळी काच खाली होती. गाडी थांबली, दादू मगदूम उतरले. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. मी आज चहाच्या गाडीमागं लपलो नव्हतो.

"पिराजी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या यादीत तुझ्या नावापुढं मी जानेवारीतच सही केली होती. तुझं गेटाचं वाचून आलो, त्याच दिवशी. हसू आवरत नव्हतं, म्हणून सही जरा वाकडी आलीय."

मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. भाजलेल्या बोटांना खडू धरायची सवय नव्हती. एकदा मोडला. उरलेल्या तुकड्यानं, माझ्या ओळींच्या खाली, वाकड्यातिकड्या अक्षरात त्यांनी लिहिलं :

'पुढच्या वर्षी आणतो. – दादू, खण गल्ली.'